बाळाच्या दुकानाचा पावसाळा : काय विकावे, काय विकू नये

मृग नक्षत्र लागले की कोकणातील बाजारपेठांचे रूप पालटते. छत्र्या, ताडपत्र्या आणि गमबूट दर्शनी भागात येतात. पाऊस लागून राहिला की बाकीच्या दुकानांत गिऱ्हाईक तुरळक होते. लहान मुलांच्या कपड्यांच्या आणि वस्तूंच्या दुकानाचे मात्र तसे नाही. बाळ काही पाऊसपाणी पाहून जन्माला येत नाही. त्यामुळे या व्यवसायात पूर्ण मंदी अशी नसते, ऋतूप्रमाणे मागणी तेवढी बदलते. चिपळूणच्या बाजारपेठेत आम्ही असे एक लहानसे दुकान चालवतो. पावसाळ्यात कोणता माल लागतो, आईवडिलांनी कोणती काळजी घ्यावी आणि या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी काय ध्यानात ठेवावे, याविषयी आमच्या अनुभवातील काही गोष्टी वाचकांपुढे ठेवत आहोत.

मागणीचे गणित

उन्हाळ्यात मलमलीची बिनबाह्यांची झबली जातात, थंडीत कानटोप्या, मोजे आणि स्वेटर. पावसाळ्यात सर्वाधिक खप लंगोटांचा. कारण साधे आहे, धुतलेले वाळत नाही. उन्हाळ्यात ज्या घरी एक डझन लंगोट पुरतात, त्याच घरी आषाढात दोन डझनही अपुरे पडतात. त्याखालोखाल मेणकापड, दुपटी, मच्छरदाणी आणि डायपर.

होजिअरीचा सुती माल मुख्यतः तमिळनाडूतील तिरुप्पूरचा असतो, तर मुलींचे फ्रॉक मोठ्या प्रमाणावर कोलकात्याच्या मेटियाब्रुज भागातून येतात. तेथील हजारो मुस्लिम शिंपी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या याच उद्योगात आहेत. आमच्यासारखे किरकोळ दुकानदार बहुधा मुंबईच्या घाऊक बाजारातून हा माल उचलतात. पाऊस सुरू झाला की वाहतुकीचा भरवसा राहत नाही, म्हणून जून-जुलैचा माल मे महिन्यातच भरून ठेवावा लागतो.

ईदच्या मालाचे गणित याहून वेगळे. चांद्र वर्षामुळे रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०१८ साली ती १६ जूनला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर होती. २०२५ साली ३१ मार्चला आली. २०३० च्या सुमारास ती फेब्रुवारीत येईल, तेव्हा पातळ फ्रॉकऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे मागवावे लागतील. गेल्या वर्षीची यादी पाहून यंदाची मागणी नोंदवणारा दुकानदार काही वर्षांत न खपलेल्या मालावर बसतो.

कराच्या बाबतीतही एक बदल लक्षात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुधाच्या बाटल्या आणि बाळांचे नॅपकिन यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवरही ५ टक्केच कर आहे. गिऱ्हाइकांनी पावती मागून घ्यावी, आणि दुकानदारांनी कपातीचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचवावा.

कपडे किती घ्यावेत ?

पहिल्या नातवंडाची खरेदी म्हणजे उत्साहाला उधाण. आजी, खाला, मामी साऱ्या मिळून येतात आणि नवजात बाळाच्या मापाची डझनभर झबली बाजूला काढतात. अशा वेळी आम्ही स्पष्ट सांगतो, "खाला, सहा पुरे. बाकीची एक माप मोठी घ्या." निरोगी बाळाचे जन्माचे वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला साधारण तिप्पट होते. पहिल्या मापाची झबली जेमतेम दीड-दोन महिने अंगाला येतात. तीच रक्कम लंगोटांवर खर्च केली तर पावसाळा सुखाने निघतो.

निवड करताना पुढून उघडणारे, सुती, बंदांचे झबले घ्यावे. गळ्याशी लांब नाडी, सैल बटणे किंवा टिकल्या असलेला कपडा, कितीही सुंदर दिसला तरी, बाळासाठी नको. नवा कपडा धुऊनच अंगात घालावा. हवा दमट असताना लोकर गुंडाळून बाळाला घामोळे आणू नये. मोठ्या माणसाच्या अंगावर असेल त्याहून एक कपडा जास्त, एवढे पुरेसे असते.

लंगोट वाळवण्यासाठी आपल्याकडे निखाऱ्याची शेगडी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत ही शेगडी जिवावर बेतू शकते, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. कपडे पंख्याखाली वाळवून शेवटी गरम इस्त्री फिरवावी. डायपर वापरत असाल तर तो ठरावीक तासांनी आणि शी झाल्यावर लगेच बदलावा आणि दिवसातून काही वेळ बाळाला मोकळे ठेवावे. पावडर मागायला येणाऱ्यांना आम्ही सांगतो की तिची गरज नाही. टाल्कम पावडर श्वासावाटे बाळाच्या छातीत जाते. ओलसरपणावर औषध म्हणजे कोरडे सुती फडके.

डांबरगोळ्या नकोत

पावसाळ्यात ट्रंकेतील कपड्यांना कसर लागू नये म्हणून घरोघरी डांबरगोळ्या टाकतात. मोठ्या भावंडाचे जपून ठेवलेले कपडे याच ट्रंकेतून नवजात बाळासाठी बाहेर निघतात. हे धोक्याचे आहे. या गोळ्यांतील नॅप्थलीन बाळाच्या शरीरात गेले तर रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ज्या बाळांत जन्मतः जी-सिक्स-पी-डी या घटकाची कमतरता असते, त्यांना हा धोका फार मोठा असतो, आणि ही कमतरता बाळाकडे पाहून ओळखता येत नाही. आम्ही दुकानातील लोकरी माल घट्ट बंद पिशव्यांत, सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवतो. घरीही तेच करावे. डांबरगोळ्यांचा वास येणारा कपडा नवजात बाळाला न घालणेच उत्तम.

दुधाची बाटली आणि कायदा

बाटली हा आमच्या व्यवसायातील सर्वांत नाजूक विषय. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख कुरआनातही (सूरह बकरा, आयत २३३) आला आहे, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच.

१९९२ साली आपल्या देशात शिशुदुग्ध पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशु-आहार यांच्या उत्पादन व विक्रीचे नियमन करणारा कायदा झाला, आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्यानुसार दोन वर्षांखालील मुलांसाठीची दूध पावडर, बाटल्या आणि शिशु-आहार यांची जाहिरात करता येत नाही. मोफत नमुने वाटणे, सोबत भेटवस्तू देणे, खप वाढवण्यासाठी आमिष दाखवणे याला मनाई आहे. दंड पाच हजार रुपयांपर्यंत आणि कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. 'डब्यावर खेळणे मोफत' असा फलक लावणाऱ्या दुकानदाराने आपण काय करतो आहोत याचा विचार करावा. बाटलीवर आयएसआय चिन्ह असणेही बंधनकारक आहे.

डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर पावडर आम्ही अवश्य देतो. काही मातांना खरोखरच दुसरा मार्ग नसतो आणि त्यांना कोणी दूषण देऊ नये. मात्र डबा देताना तीन गोष्टी सांगतो. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो स्वच्छ राखणे सोपे. पाणी उकळावे आणि ते ७० अंशांपेक्षा थंड होण्याआधी पावडर मिसळून मग दूध निववावे, कारण पावडर जंतुरहित नसते. आणि डबा पुरवण्यासाठी दूध पातळ करू नये, त्याने बाळाची उपासमार होते.

पावसाळ्यात जुलाबाचे प्रमाण वाढते. अशा वेळी स्तनपान बंद करू नये. ओआरएसचे पाकीट जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचेच असल्याची खात्री करून घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. नावात 'ओआरएस' असलेली गोड पेये खोक्यांतून विकली जात असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. जुना माल कपाटात उरला असेल तर तो काढून टाकावा.

जे आम्ही ठेवत नाही

पांगुळगाडा, म्हणजे बाळाला बसवून फिरवण्याचा 'वॉकर', आमच्याकडे मिळत नाही. त्याने बाळ लवकर चालते हा समज चुकीचा आहे. उलट पायरीवरून किंवा उंबऱ्यावरून कोसळून डोक्याला मार लागण्याचे प्रकार घडतात. कॅनडाने २००४ सालीच या वस्तूच्या विक्रीवर बंदी घातली. कोकणातील घरांना ओटी, पडवी आणि पायऱ्या असतात, हे सांगायला नकोच.

राईची उशीही आम्ही ठेवत नाही. वर्षाच्या आतील बाळाला उशीची गरज नसते. त्याला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवावे आणि आसपास मऊ उशा किंवा खेळणी ठेवू नयेत. काजळात शिसे असण्याचा धोका असतो, म्हणून तेही नाही. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा दुर्मीळ पण भयंकर आजार होऊ शकतो. याउलट मच्छरदाणी आम्ही आग्रहाने विकतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेतही ती लावावी. धुराची कॉइल बाळाच्या खोलीत नको.

खेळण्यांबाबत सांगायचे तर, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला यातून सूट आहे. बिनचिन्हाचा प्लॅस्टिक माल स्वस्त मिळतो आणि त्यात नफाही सुटतो. पण त्याचा सुटा झालेला तुकडा बाळाच्या घशात अडकला तर नुकसान कोणाचे?

पुराने शिकवलेला धडा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्यासारख्या असंख्य दुकानदारांचे होते नव्हते ते चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर मोठा मोह समोर होता. डायपरची पाकिटे वरून धड दिसत होती, दुधाच्या डब्यांची झाकणे शाबूत होती. 'धुऊन-पुसून अर्ध्या भावात काढा' असे सांगणारेही भेटले, आणि घाऊक व्यापाऱ्याची उधारी तर डोक्यावर होतीच. पण गटाराचे पाणी लागलेली वस्तू तान्ह्या बाळापर्यंत जाऊ द्यायची नाही, असे आम्ही ठरवले. डबे फोडून, पाकिटे फाडून सारे कचऱ्यात दिले, जेणेकरून ते कोणी उचलून पुन्हा विकू नये. कर्ज फेडायला वेळ लागला. परंतु दुकान पुन्हा उघडले तेव्हा जुनी गिऱ्हाइके कोणतीही शंका न विचारता आली.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर आम्ही खालच्या फळ्यांवर फक्त प्लॅस्टिकची बादली-टब असा माल ठेवतो आणि कपडे माळ्यावर. खरेदीच्या पावत्यांच्या प्रती दुकानाबाहेर, घरी असतात. दुकानदार बंधूंनी आपल्या विम्याच्या कागदात पूर-वादळाचे कलम आहे की वगळले आहे, हे आजच वाचून पाहावे. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या लहान व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी उपलब्ध आहे, आणि तिच्यात पुराचा समावेश आहे. तिची चौकशी जरूर करावी.

तरुणांसाठी दोन शब्द

मोठी दालने आणि घरपोच माल देणाऱ्या कंपन्या यांच्याशी भावात स्पर्धा करणे लहान दुकानदाराला शक्य नाही. त्यांच्याकडे माल अधिक, सवलत अधिक. परंतु 'ही वस्तू तुमच्या बाळाला नको' असे तोंडावर सांगणारा माणूस तेथे मिळत नाही. पांगुळगाडा न विकल्याने आमचा दिवसाचा गल्ला कमी भरतो, हे खरे आहे. पण तीच आई पुढे दुसऱ्या बाळाच्या वेळी येते, आणि नणंदेला, शेजारणीलाही घेऊन येते. त्यात मुसलमान, हिंदू, बौद्ध असा भेद नसतो. या व्यवसायात येणाऱ्या तरुणाने भांडवल थोडे असले तरी चालेल, पण मालाची माहिती पूर्ण करून घ्यावी आणि खरे सांगण्याची तयारी ठेवावी.

असो. शेवटी आईवडिलांना एकच विनंती. खरेदीसाठी तान्ह्या बाळाला पावसात, गर्दीत बाजारात आणू नका. घरातील कोणीही यावे आणि बाळाचे वय व वजन सांगावे. बरोबर मापाचे झबले देण्यास तेवढे पुरते. आणि माप चुकलेच, तर न वापरलेला कपडा पावतीसह परत आणा, आम्ही बदलून देऊ.