पत्ती लावण्याआधी

पुनावळ्यातल्या नव्या इमारतीचा अकरावा मजला. मे महिना, सकाळचे साडेनऊ. लिफ्टला आतून अजून प्लायवूड ठोकलेलं आहे आणि त्यावर कुणीतरी खडूने सिमेंटच्या गोण्यांचा हिशोब मांडलाय. भाचीला फ्लॅटचा ताबा मिळालाय, रविवारी वास्तुशांत आहे, आणि हॉलच्या खिडकीतून बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. काचांवर पुट्टीचे ओघळ आहेत, रंगाचे शिंतोडे आहेत, सिमेंटचे वाळून दगड झालेले थेंब आहेत. मधोमध काच बसवणाऱ्याने मार्करने लिहिलेलं माप तसंच आहे.

सफाईवाले तिघे आलेत. पन्नाशीचे एक दादा, त्यांचा हाताखालचा पोरगा आणि एक मावशी. बोलण्यावरून मराठवाड्याकडचे वाटतात. बादल्या, लांब दांडा, व्हॅक्यूम, फडक्यांचा गठ्ठा आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार. जार प्यायला आणलाय असं मला वाटतं, पण त्याला कुणी हात लावत नाही.

दादा आधी सगळ्या खोल्या फिरून येतात. काचेला काटकोनात न बघता कडेला उभे राहून तिरके बघतात आणि मोबाइलवर फोटो काढतात. प्रत्येक खिडकीचा, जवळून. मग ठरवतात, "पश्चिमेकडून चालू करू. तिकडं ऊन दुपारी येतं. उन्हात साबण काचेवरच वाळतो, मग डाग पुसायचा का साबण पुसायचा?"

भाचीला राहवत नाही. ती एक फडकं उचलून काच पुसायला लागते, तशी मावशी तिचा हात धरते. "कोरडं नका पुसू ताई, रेघा पडत्यात."

मावशीचं बरोबर आहे. ही धूळ घरातली नव्हे, टाइल कापताना आणि प्लास्टर घासताना उडालेली. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर 7 भरतं, काच साडेपाचच्या आसपास. कोरडं फडकं फिरवलं की वाळूचा कण काचेवर नांगर धरतो. म्हणून पहिला अर्धा तास नुसता मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम चालतो. पाणी नंतर.

पोरगा सरकत्या खिडकीचे पल्ले वर उचलून अलगद बाहेर काढतो आणि भिंतीला टेकवून ठेवतो. आता खालचा ट्रॅक उघडा पडलाय. त्यात काय नाही? स्क्रू, बिडीची थोटकं, पुट्टीचे गोळे, एक मेलेली मधमाशी. अॅल्युमिनियमवरची निळी फिल्म वेळेवर कुणी काढली नाही, ती उन्हाने भाजून चिकटलीय. मावशी ती नखाने सोलतेय आणि ती बोटभर निघून तुटतेय. खाली राहिलेला गोंद वेगळाच.

ट्रॅक साफ झाल्यावर दादा मगभर पाणी त्यात ओततात. पाणी जागचं हलत नाही. "हे बघा," ते भाचीला बोलावतात. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी जायला बारीक भोकं असतात. प्लास्टर करताना ती सिमेंटने बुजलीत. जूनमध्ये पश्चिमेचा पाऊस आला असता तर ट्रॅक भरून पाणी थेट आत, सोफ्यावर. पोरगा तारेने भोकं मोकळी करतो. पुन्हा मगभर पाणी, आणि ते या वेळी चटकन बाहेरच्या भिंतीवरून ओघळतं. सबंध दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, असं माझं मत आहे. काच चमकवणं त्यानंतर.

आता काच. साबणाचं पाणी स्पंजने भरपूर लावतात आणि थांबतात. थांबणं हाही कामाचाच भाग आहे, डाग भिजावा लागतो. मग दादा पाकिटातून नवी पत्ती काढून स्क्रॅपरला लावतात. काच ओली, पत्ती कलती, आणि हात एकाच दिशेला. पुढे ढकलायची, उचलायची, पुन्हा पुढे. मागे ओढायची नाही, कारण ओढली की पत्तीखाली अडकलेला खडा काचेवर रेघ मारत येतो. पुट्टी सालीसारखी निघतेय. रंगाचे शिंतोडे टकटक उडतायत.

सिमेंटचा एक थेंब निघतो, पण त्याच्या जागी धुरकट ठिपका राहतो. भाची म्हणते, "दादा, इथे राहिलंय."

"हे आता जात न्हाई ताई. डाग गेला, काच खाल्लेली ऱ्हायली."

ओलं सिमेंट जबर अल्कलीयुक्त असतं आणि अल्कलीत काचेतली सिलिका विरघळते. थेंब पडल्या पडल्या ओल्या फडक्याने टिपला असता तर खूणही राहिली नसती. इथे तो महिनोन् महिने बसून राहिलाय.

तेवढ्यात साइटवरचा एक माणूस डोकावतो आणि अॅसिडची बाटली पुढे करतो. "हे मारा, पाच मिनिटांत काम." दादा बाटलीकडे बघतही नाहीत. या अॅसिडने काचेला फारसं काही होत नाही, पण खिडकीखालचा संगमरवर फसफसतो, अॅल्युमिनियमवरचा रंग उठतो आणि नुसत्या वाफेने शेजारच्या बाथरूममधले नळ काळे पडतात. माणूस खांदे उडवून पुढच्या फ्लॅटकडे जातो. तिथे ती बाटली कुणीतरी घेणारच.

बाल्कनीच्या मोठ्या काचेच्या दारापाशी दादा थबकतात. कोपऱ्यातला बारीक शिक्का बोटाने दाखवतात. "ही टफन काच. हिला पत्ती न्हाई."

टफन काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. भट्टीत ती रोळांवरून सरकते, आणि रोळांवर काचेचा चुरा राहिलेला असला तर त्याचे सूक्ष्म कण एका बाजूला चिकटून बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पत्ती फिरली की ते उखडतात आणि सगळ्या काचेभर ओरखडे. दादा तळहात फिरवून बघतात, भाचीलाही फिरवायला लावतात. एक बाजू गुळगुळीत, दुसरी किंचित खरखरीत. मग इथे नुसतं भिजवणं, प्लास्टिकची पट्टी आणि दम.

सगळ्यात शेवटी तो जार उघडतो. टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर उमटतात, म्हणून अखेरचा हात चांगल्या पाण्याचा. रबरी वायपर वरून खाली एका दमात येतो आणि समोरचा डोंगर, मागचा महामार्ग, कासारवाडीकडे जाणारी धूळ, सगळं एकदम घरात येतं.

एकच काच उरलीय, बेडरूमची न उघडणारी. तिची बाहेरची बाजू. भाची म्हणते, "दादा, जरा वाकून हात बाहेर काढला तर होईल ना?" दादा सरळ नाही म्हणतात. ते काम दोरीवाल्यांचं, दोन दोऱ्या आणि पट्टा असलेल्यांचं. भाची ओशाळते. ते बरंच झालं.

दुपारी साइट इंजिनियर येतो. हॉलच्या काचेवर तीन लांब रेघा आहेत. बघताक्षणी निकाल देतो, "हे क्लीनिंगवाल्यांनी पाडलं." दादा काही बोलत नाहीत, खिशातून मोबाइल काढतात. सकाळचा फोटो, पुट्टीच्या ओघळांमध्ये त्याच तीन रेघा. इंजिनियर फोटो मोठा करून बघतो, मग म्हणतो, "मॅडम, लिहून द्या."

भाची तिथेच ओट्यावर कागद ठेवून लिहायला घेते. मला मात्र राग वेगळाच येतो. रंगाऱ्याने काम सुरू करण्याआधी काचेवर प्लास्टिकचा कागद चिकटवला असता तर यातलं निम्मं काम जन्मालाच आलं नसतं. तो कागद वाचवला कुणी आणि सफाईचे पैसे भरतंय कोण?

नवं घर घेणाऱ्यांनो, ताबा घेताना काच पुसायची घाई करू नका. आधी उन्हात तिरकं उभं राहून बघा, फोटो काढा, ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता आणि जे दिसेल ते बिल्डरला लेखी द्या. 2016च्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत कळवलेला कामातला दोष बिल्डरने तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. पण एकदा काचेवर पत्ती फिरली की रेघ कुणाची, हा वाद तुमच्या गळ्यात पडतो.