गोठलेला खांदा आणि भौतिकोपचार : एक विवेचन

प्रस्तावना :

खांदेदुखी ही मध्यमवयीन व्यक्तींमध्ये वारंवार आढळणारी तक्रार होय. तिची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एका विकारात वेदनेपेक्षाही खांद्याची हरपलेली गती रुग्णाला अधिक परावलंबी करते. केसांचा अंबाडा घालणे, पाठीमागे हात नेऊन पोलक्याचे हूक लावणे, फळीवरचा डबा काढणे, एस.टी.त उभ्याने वरचा दांडा धरणे ही नित्याची कामे अशक्य होऊन बसतात. फळ्यावर लिहिणाऱ्या अध्यापकवर्गालाही हा अनुभव अपरिचित नाही. या विकारास 'फ्रोझन शोल्डर' किंवा गोठलेला खांदा असे म्हणतात. त्यावरील भौतिकोपचारामागील तत्त्व आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अवबाहुक' नावाने खांद्याचे बंध शुष्क होण्याचा उल्लेख आढळतो. आधुनिक वैद्यकात फ्रेंच शल्यचिकित्सक द्युप्ले यांनी १८७२ मध्ये अशा ताठर खांद्याचे वर्णन केले. 'फ्रोझन शोल्डर' ही संज्ञा अमेरिकन शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केली.

विकाराचे स्वरूप :

खांद्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मात्र ही उखळ फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडाच्या लहानशा खळग्यावर बशीत चेंडू ठेवावा तसा टेकलेला असतो. म्हणूनच शरीरातील सर्वाधिक हालचाल या सांध्यात होते. सांध्याभोवती 'कॅप्सूल' हे सैलसर आवरण असते. हात खाली असताना त्याची खालची बाजू चुणी पडल्यासारखी लोंबते आणि हात वर नेताना ती उलगडते. गोठलेल्या खांद्यात या आवरणाला सूज येते, त्यात तंतुमय ऊती वाढतात आणि ते जाड होऊन आक्रसते. उलगडण्यास चुणीच शिल्लक न राहिल्याने हात अडतो. आवरणाचा पुढील-वरचा भाग विशेष आक्रसत असल्याने, कोपर कुशीला टेकवून हाताचा पुढचा भाग बाहेरच्या दिशेने फिरवणे, म्हणजेच बाह्य परिवलन, बहुधा सर्वप्रथम मर्यादित होते.

हीच खूण निदानासही उपयुक्त ठरते. स्नायुबंध फाटला असल्यास रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने उचलून दिल्यास तो बराचसा वर जातो. गोठलेला खांदा मात्र दुसऱ्याने उचलला तरी अडतोच. हा भेद लक्षात न घेता सर्व खांदेदुखीवर एकच व्यायाम सांगण्याची पद्धत सदोष आहे.

हा विकार प्रामुख्याने ४० ते ६० वर्षे या वयोगटात व स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट असते. त्यामुळे अशा रुग्णाची रक्तशर्करा तपासणे आवश्यक ठरते.

व्यायामाची मात्रा :

विकाराचे वेदनेची, ताठरतेची आणि पुन्हा मोकळे होण्याची असे तीन टप्पे मानले जातात. त्यांचा एकूण कालावधी सहसा एक ते तीन वर्षे असतो. 'जोर लावून हात मोकळा करावा' हा आपल्याकडील समज पहिल्या टप्प्यात विशेष घातक ठरतो. सुजलेल्या आवरणास झटके दिल्याने वेदना वाढते, स्नायू अधिक आवळले जातात आणि रुग्ण हात हलवणेच सोडून देतो. नेदरलँड्समधील डिएर्क्स व स्टीव्हन्स यांनी २००४ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदनेच्या मर्यादेत व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के रुग्णांचा खांदा दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत झाला. वेदनेपलीकडे ताण देणाऱ्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. मालीशवाल्याकडे खांदा 'मोडून' घेणाऱ्यांनी ही आकडेवारी अवश्य विचारात घ्यावी.

पहिल्या टप्प्यात कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा लंबकाचा व्यायाम सुरक्षित असतो. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत पुढे वाकावे, दुखरा हात दोरीसारखा सैल सोडावा आणि शरीर हलकेच डोलवून त्याला झोके घेऊ द्यावेत. हात स्नायूंच्या बळाने फिरवला, तर या व्यायामाचा हेतूच नष्ट होतो. वेदना ओसरल्यावर बोटांनी भिंत चढणे, उताणे झोपून दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर व बाहेर ढकलणे, पंचाने पाठीमागे हात ओढणे हे व्यायाम क्रमाने घ्यावेत. एकदाच तासभर व्यायाम करण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटे करणे श्रेयस्कर होय. व्यायामानंतरचा ठणका रात्रीपर्यंत टिकल्यास दुसऱ्या दिवशी ताण कमी करावा.

पूरक उपचार व दक्षता :

व्यायामापूर्वी शेक घेतल्यास स्नायू सैल होतात. परंतु मधुमेहामुळे त्वचेची संवेदना मंदावली असल्यास भाजण्याचा धोका असतो. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने सुरुवातीच्या वेदना कमी होऊन व्यायाम सुकर होतो, मात्र मधुमेहींची रक्तशर्करा काही दिवस वाढू शकते. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इंजेक्शनसह नियोजित भौतिकोपचार, भूल देऊन सांधा हलवणे आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यात आली. वर्षअखेर यांपैकी कोणताही उपचार इतरांपेक्षा रुग्णाच्या दृष्टीने ठळकपणे सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेची घाई करण्यापूर्वी हा निष्कर्ष रुग्णास सांगितला जाणे उचित आहे.

खांदेदुखीसोबत छातीत दाब, घाम वा धाप असल्यास ती हृदयविकाराची सूचना असू शकते. तेथे क्षणाचाही विलंब नको. पडल्यानंतर हात उचलता न येणे, ताप येणे, खांदा लाल होऊन सुजणे या स्थितीतही व्यायाम न करता प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. एकदा बरा झालेला खांदा सहसा पुन्हा गोठत नाही, परंतु काही रुग्णांत कालांतराने दुसरा खांदा गोठतो. त्यामुळे पहिला खांदा मोकळा झाल्यावरही कोपर कुशीला टेकवून दुसऱ्या हाताचे बाह्य परिवलन अधूनमधून तपासत राहावे.