आतड्यातली चरबीची गाठ

खांद्यावर किंवा दंडावर कातडीखाली मऊ, न दुखणारी चरबीची गाठ आपण पाहिलेली असते. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. तशीच गाठ मोठ्या आतड्याच्या भिंतीतही होते, बहुधा उजव्या बाजूला आणि पन्नाशीनंतर.

आतड्याला आतून बुळबुळीत अस्तर असते, त्याखाली सैल ऊतींचा थर आणि मग स्नायू. दहापैकी सुमारे नऊ गाठी अस्तराखालच्या सैल थरात वाढतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सहसा त्रास देत नाही. मोठी झाली, की आतडे तिला अन्नाच्या गोळ्यासारखे पुढे ढकलू लागते. तिच्याबरोबर भिंतही ओढली जाते आणि सदऱ्याची बाही आत दुमडावी तसे आतड्यात आतडे शिरते. पोटात कळा येतात, कधी शौचावाटे रक्त जाते.

नेमकी हीच लक्षणे कर्करोगाचीही असतात. दुर्बिणीतून चिमट्याने तुकडा काढून तपासावा, तर बऱ्याचदा हाती येते ते वरचे निरोगी अस्तर. गाठ खालीच राहते! कर्करोग समजून आतड्याचा मोठा भाग कापल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. वास्तविक ही गाठ कर्करोगात बदलत नाही, असेच मानले जाते.

मग ओळखायचे कसे? येथे आपले आठवीचे पदार्थविज्ञान कामी येते. गाठ चिमट्याच्या टोकाने दाबली, तर उशीसारखा खळगा पडतो आणि पुन्हा भरून येतो. दुसरी खूण सीटी स्कॅनची. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे स्निग्ध पदार्थाची घनता पाण्याहून कमी. शिवाय त्यात ऑक्सिजन कमी आणि त्याहून हलका कार्बन जास्त. त्यामुळे चरबी क्ष-किरण कमी अडवते. गॉडफ्री हाउन्सफील्ड (१९७९चे नोबेल मानकरी) यांच्या नावाच्या मापपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, तर चरबी साधारण उणे १००च्या आसपास येते. कर्करोगाची गाठ शून्याच्या वर असते. (वर्गात घनता शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.)

लहान गाठ तशीच ठेवतात. त्रास देणारी काढावी लागते. पण चरबी विजेची मंदवाहक. तारेच्या फासाने विजेवर कापताना प्रवाह जास्त वेळ द्यावा लागतो आणि आतड्याला भोक पडण्याची भीती असते. म्हणून काही वेळा गाठीच्या बुडाशी नायलॉनचा फास आवळतात. रक्तपुरवठा तुटला, की ती काही दिवसांत आपोआप गळून पडते.