ताप दडलाय कुठे?

कामतघरच्या आमच्या बचत गटांत आजारपणासाठी कर्ज मागायला कुणी आलं की आम्ही तपासणीचं नाव विचारतो. हल्ली एक नाव कानावर येतं, पूर्ण अंगाचं स्कॅन, म्हणजे पेट-सीटी. ती कॅन्सरचीच तपासणी असं धरून बायका निम्म्या खचतात. पण न सापडणारा ताप शोधायलाही डॉक्टर ती सांगतात.

या तपासणीत शिरेतून साखरेसारखं औषध टोचतात, त्याला थोडं किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेलं असतं. कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात, तशाच जंतूंशी झुंजणाऱ्या आपल्या पेशीही ओढतात. जिथे झुंज चालू असते, तिथे चित्रात उजळ डाग दिसतो. मणका, पोटातल्या गाठी, सगळं एकाच वेळी बघता येतं. देशातलं पहिलं पेट स्कॅन यंत्र २००२ साली आपल्या मुंबईतच, परळला बसलं.

मात्र डाग फक्त जागा दाखवतो, जंतूचं नाव सांगत नाही. टीबीची गाठ आणि कॅन्सरची गाठ सारखीच उजळू शकते. म्हणून रिपोर्ट बघून रडायला बसू नका. त्या जागेचा तुकडा किंवा पाणी काढून तपासतात, तेव्हा खरं कळतं. तुकडा काढण्याआधीच विचारा, "डॉक्टर, टीबीच्या जंतूसाठीही पाठवणार ना?" सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला, तर जंतू वाढवून बघता येत नाहीत.

आपल्या भिवंडीत यंत्रमागाच्या दाट वस्तीत टीबीचा विचार आधी करायला हवा. दोन आठवडे खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, फुकट होतो. एक्स-रे, मलेरिया-टायफॉइडचं रक्त, सोनोग्राफी यांतच बहुतेक ताप सापडतात. तीन आठवडे ताप हटत नाही आणि यातून काही निघत नाही, तेव्हा स्कॅनची पाळी. म्हणून स्कॅनसाठीच्या कर्जाला मी आधीचे कागद मागते. कुणाला राग येतो, येऊ दे. टीबी निघाला तर औषध मोफत असतं, शिवाय आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते.

स्कॅनला जाताना सहा तास पोटात फक्त साधं पाणी. उपवासाला चालतो म्हणून साखरेचा चहा घेतलात, तर चित्र बिघडतं. मधुमेहाच्या गोळ्यांचं आधीच विचारा. टोचल्यावर तासभर गप्प पडून राहायचं, कारण हाललं की स्नायूच साखर ओढतात. (आपल्याला हेच अवघड!) वेळ चुकवू नका, ते द्रव्य ११० मिनिटांत निम्मं होतं. पाळीची तारीख सांगा, पाळीच्या दिवसांत गर्भपिशवीही उजळते. दिवस गेले असण्याची शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर सुई टोचण्याआधी सांगायचं, लाजायचं नाही. घरी आल्यावर भरपूर पाणी प्या आणि त्या दिवशी तान्ह्या बाळाला कडेवर घेणं दुसऱ्या कुणाला तरी सांगा.