वाढत्या अंगाची फॅशन

1956 साली राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा-सौंसरचा पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. पुढे 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हाही झाला. पण कपड्यालत्त्याच्या बाबतीत आमची राजधानी कधी बदललीच नाही. ती नागपूरच. शाळेतली पुस्तकं हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत आणि पॅन्टची मोहरी किती रुंद ठेवायची, हे तिथल्या सीताबर्डीच्या बाजारात ठरायचं. पांढुर्णा नागपूर-इटारसी लाइनवर. सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलेला एखादा मामा संध्याकाळी नवी तऱ्हा अंगावर घेऊन उतरला, की दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या ओट्यावर पोट्ट्यांची गर्दी. सौंसरकडे छोट्या लाइनची गाडी होती. ती 2015 मध्ये बंद झाली. नवी फॅशन आधी त्यांच्याकडे पोचायची की आमच्याकडे, यावर आजही लग्नाच्या पंगतीत वाद रंगतो.

आमच्या लहानपणच्या फॅशनींना लोक सिनेमाची नक्कल म्हणतात. मला ते पटत नाही. पडद्यावरची वस्तू आमच्या अंगावर येईपर्यंत शिंपी, न्हावी आणि आई अशा तीन हातांतून जायची, आणि तोवर ती पुरती पांढुर्ण्याची झालेली असायची.

बेलबॉटमचंच घ्या. मुळात ही खलाशांची रुंद पायांची विजार. साठच्या दशकात पाश्चात्त्य तरुणांनी ती उचलली, सत्तरच्या दशकात ती हिंदी पडद्यावर आली आणि 1973 च्या ‘बॉबी’नंतर शाळकरी पोरांनाही तीच हवी झाली. मोठ्यांची मोहरी चोवीस इंची, मग सहावीतलं पोरगंही चोवीसवर अडून बसायचं. कमरेपेक्षा पायाचा घेर मोठा! शिंपी माप घेऊन वहीत टिपत असायचा तेवढ्यात आईचं ठरलेलं वाक्य यायचं, “वाढत्या अंगाची शिवा बरं का.”

या एका वाक्यानं बेलबॉटमचं रूपच पालटलं. खाली चांगलं चार बोटं कापड आत दुमडलेलं असे. पोरगं वाढलं की टाके उसवून एक बोट खाली सोडायचं. वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं, नव्यानं उघडलेली पट्टी गडद. खोडावरच्या वलयांवरून झाडाचं वय सांगावं, तसं या पट्ट्यांवरून पॅन्टचं वय सांगता यायचं. कड जमिनीला घासून फाटू नये म्हणून शिंपी आतून जुन्या चेनची पट्टी मारून द्यायचा. सिमेंटच्या ओट्यावरून चालताना तिचा खर्र खर्र आवाज व्हायचा आणि पोरं तो मुद्दाम काढायची. पावसाळ्यात त्या मोहऱ्या चिखल उचलायच्या, सायकलच्या साखळीत अडकायच्या. आजी ओसरीवरून विचारायची, “काऊन रे, मायचा घागरा घातला का?” पोरगं फुगून बसायचं, पण पॅन्ट काही बदलायचं नाही.

हे सगळं वर्षातून एकदाच, फार तर दोनदा. फॅशन तारखेवर नव्हे, पिकावर यायची. आंबिया बहाराच्या संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला ठोक दिला, पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला, की दिवाळीचं कापड. तेही एका ताग्यातून सगळ्या भावंडांना. थोरल्याचा शर्ट, धाकट्याचा शर्ट, बहिणीचा फ्रॉक, सगळ्यांवर एकच फुलं. उरलेल्या तुकड्याची उशीची खोळ. जत्रेत पोर हरवलं तर बाकीच्या भावंडांकडे बोट दाखवून “याच कापडाचं आहे” एवढं सांगितलं की पुरे. नवा कपडा पोळ्याला मिळालाच, तर दुसऱ्या दिवशी तो पेटीत बंद. कारण त्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, म्हणजे दगडफेक, असते, आणि नव्या कपड्यात पोरगं तिकडे फिरकलेलं कुठल्याही आईला खपत नसे.

मग टोपीचं साल आलं. डिसेंबर 1989 मध्ये ‘मैंने प्यार किया’ लागला. नायिका सांगलीच्या पटवर्धनांची भाग्यश्री, आईच्या भूमिकेत रीमा लागू, जोडीला लक्ष्मीकांत बेर्डे. आमच्या घरांत तो निम्मा मराठी सिनेमा समजूनच पाहिला गेला. त्यातली ‘फ्रेंड’ लिहिलेली टोपी प्रत्येकाला हवी होती. नागपूरहून आणलेली महाग पडायची. मग शिंप्यानं पॅन्टच्या उरलेल्या कापडाची टोपी शिवली आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्या पेंटरनं तिच्यावर ऑइलपेंटनं इंग्रजी अक्षरं काढली. त्यात आय आणि ई यांची अदलाबदल झालेल्या टोप्या वर्गावर्गात दिसायच्या. गुरुजींनी फळ्यावर शब्द लिहून चूक दाखवली, पण टोपी कोणी उतरवली नाही.

नव्वदच्या दशकात दिव्यांचे बूट आले. अमेरिकेत एल. ए. गिअर कंपनीनं 1992 मध्ये असे बूट काढले. आमच्या बाजारात पोचले ते त्यांचे देशी भाऊबंद. टाचेत बॅटरी आणि स्प्रिंगचं बटण. पाय आपटला की लाल दिवे. संध्याकाळी लाइट गेली की गल्लीभर लाल ठिपके नाचायचे, आणि आयांना अंधारातही कळायचं की आपलं पोर कुठवर पळालंय. काही महिन्यांत एका पायाचा दिवा विझायचा. मग पोर तोच पाय जोरजोरात आपटत चालायचं. चांभार बूट उलटा-सुलटा बघून परत द्यायचा. सोल बंद, उघडायला जागाच नाही. ज्यात गावातल्या कुणालाच हात घालता येणार नाही अशी ही आमची पहिली फॅशन. त्या बुटांचं मला आजही अप्रूप आहे, पण काहीतरी निसटायला सुरुवात तिथून झाली, असं माझं मत आहे.

न्हाव्याचा हात मात्र अजून शाबूत होता. ऑगस्ट 2003 मध्ये ‘तेरे नाम’ आला आणि मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर उतरणारे केस हा शाळकरी पोरांचा धर्मच झाला. ही केशरचना तेव्हाचे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्यावरून सुचली, असं सलमान खाननं पुढे सांगितलं. तेव्हाच कळलं असतं, तर गुरुजींसमोर केवढी मोठी ढाल मिळाली असती! कारण प्रार्थनेच्या रांगेत कात्री फिरायची. पोरं केस पाण्यानं चापून कानामागं दाबायची आणि शाळा सुटली की मोकळे सोडायची. त्यात आईनं थापलेलं खोबरेल. सलमानचे केस वाऱ्यावर उडायचे, इथले गालाला चिकटून बसायचे. खुर्चीत बसलेलं पोरगं म्हणायचं, “नुसती टोकं मारा.” आईचा निरोप आधीच आलेला असायचा, “बारीक करा.” न्हावी मागून आईचं ऐकायचा, पुढून पोराचं. मागं मिल्ट्री कट, पुढं ‘तेरे नाम’! ही कटिंग कुठल्याच सिनेमात नव्हती. ती आमच्या न्हाव्याची.

आता सगळं तयार मिळतं. सौंसर तहसिलीतल्या बोरगावला रेमंडच्या कारखान्यात 1991 पासून सूटिंगचं कापड निघतं, ते देशभर जातं. पण आपल्या दारचं कापड पोराच्या मापानं शिवून घेणारं घर दुर्मीळ झालं आहे. पोरं मोबाइलवर पाहून कपडे मागवतात आणि आखूड झाले की टाकून देतात. आत दुमडलेली चार बोटं आता कुठल्याच पॅन्टला नसतात.

जुन्या शिंप्यांच्या मापाच्या वह्या मात्र अजून कुठे कुठे आहेत. प्रत्येक पानावर नाव, कमर, मोहरी, आणि टाचणीनं लावलेली कापडाची चिंधी. आपल्या गावात अशी वही कुणाच्या माळ्यावर असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. आणि या दिवाळीच्या आवराआवरीत जुने फोटो निघाले, तर प्रत्येकाच्या मागं साल, पोराचं नाव आणि कपडा शिवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. ती नावं सांगू शकणारी माणसं अजून घरात आहेत, तोवरच विचारून घ्या.