गढूळ पाण्यांतील विद्या

शिवाजी पार्क म्हटलें कीं क्रिकेट डोळ्यांपुढें उभें राहतें. १९२५ सालीं मुंबई महानगरपालिकेनें लोकांस खुलें केलेलें हें मैदान प्रथम माहीम पार्क म्हणून ओळखलें जाई. १९२७ सालीं त्यास शिवछत्रपतींचें नांव लाभलें. त्याच्या धुळींतून निघालेल्या फलंदाजांची नामावळी आपल्या घरांतील लहान मुलेंहि म्हणून दाखवितील. पोहणारांची अशी नामावळी मात्र कोणाच्या तोंडीं नसते. फलंदाजास माती पुरते. पोहणारास पाणी लागतें, आणि तें जपावें लागतें.

आमच्या विद्यार्थिदशेंत, १९७० नंतरच्या दशकांत, शर्यतींच्या निमित्तानें अनेक तलावांत उतरण्याचा योग आला. त्यांचीं नांवें येथें देत नाहीं. गुण तेवढे सांगतों. एकाच्या भिंतीची फरशी फुटलेली. वळण घेतांना टांच कापली जाई. दुसऱ्यांत काथ्याचे दोर बांधीत. त्यांवर दंड घासून साल निघे. तिसऱ्यांत पाणी इतकें हिरवें कीं, उताणें पोहणाऱ्यानें कांठावरील झाडाचा शेंडा पाहूनच दिशा ठरवावी. पहांटे रखवालदार बादलीभर ब्लीचिंग पावडर एका कोपऱ्यांत ओती. त्या कोपऱ्यांत आमचे डोळे जळत, व दुसऱ्या कोपऱ्यांत बेडूक सुखानें नांदत. घरीं येतांच आजी विचारी, “पोहून आलास, कीं ओलीं लांकडें फुंकून?” दोन तास पाण्यांत काढले असले तरी पुनः स्नान केल्यावांचून ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडूं देत नसे. तिचें सोंवळें तेव्हां आम्हांस जाचे. पण त्या पाण्याच्या बाबतींत तें सर्वथा शास्त्रशुद्ध होतें.

हें सारें हंसण्यावारी नेतां आलें असतें. परंतु एका आंतरशालेय स्पर्धेंत सांघिक शर्यत संपली, मुलें कपडे करून निघालीं, आणि बांकावर एक सदरा व दप्तर तसेंच राहिलें. तें ज्याचें, तो मुलगा कोठेंच दिसेना. जीवरक्षक कांठावर उभा होता; तो दक्ष होता, पोहण्यांत तरबेज होता; पण हातभर खोलीखालचें त्यास कांहींच दिसत नव्हतें. अखेर दहाबारा जण हातांत हात गुंफून उथळ पाण्यांतून चालूं लागले, तेव्हां एकाच्या पायास तो लागला. तोंडानें श्वास देऊन त्यास शुद्धीवर आणलें. दैव बलवत्तर म्हणूनच तो वांचला.

तळ स्पष्ट दिसणें हें बुडणाऱ्याचें पहिलें संरक्षण होय. त्यासाठीं पाणी सतत गाळणींतून फिरवावें लागतें, नुसती पावडर टाकून भागत नाहीं. क्लोरिन जंतु मारतो. पण घाम व मूत्र ह्यांशीं त्याचा संयोग झाला म्हणजे क्लोरामाइन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. तलावाचा उग्र दर्प व डोळ्यांची जळजळ मुख्यतः त्यांचीच. म्हणजे तो दर्प स्वच्छतेचा नव्हे, मळाचा पुरावा आहे.

ह्या संकटांतून श्रीमंत राष्ट्रेंहि सुटलेलीं नाहींत. १८९६ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिकच्या शर्यती थंड समुद्रांतच झाल्या. २०१६ सालीं रिओ येथें उड्यांचा तलाव सर्व जगासमक्ष हिरवा झाला. हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळल्यानें क्लोरिन निष्प्रभ झाला होता. आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें आमच्या शिवाजी पार्काशेजारील महात्मा गांधी जलतरण तलावांत मगरीचें पिल्लूं सांपडलें! तें वेळींच दिसलें, व सुखरूप वन खात्याच्या हवालीं झालें, हें महत्त्वाचें.

गैरसोयींतूनच खेळाडू घडतो, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. कष्टानें तो घडतो, हें खरें, घाणीनें नव्हे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे ह्यानें २०१० सालीं ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेंत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. त्यापूर्वीं ह्या स्पर्धेंतील पोहण्याचें पदक भारतास १९८६ सालीं खजानसिंगानें मिळवून दिलें होतें. मध्यें चोवीस वर्षें गेलीं! आपल्या मुलांत उणें कांहीं नाहीं. त्यांस पाणी चांगलें मिळालें पाहिजे.

तरी वाचकहो, नातवंडांस पोहावयास अवश्य धाडा, मुलींस तर आग्रहानें धाडा. मात्र पहिल्या दिवशीं घरांतील एका वडीलधाऱ्यानें तलावाच्या सर्वांत खोल भागापाशीं उभें राहून खालीं पाहावें. तळाची फरशी स्पष्ट दिसली, तर फी भरावी. न दिसल्यास मुलास घेऊन परत यावें, व व्यवस्थापकांस त्याचें कारण लेखी कळवावें. आणि पाण्यांत उतरण्यापूर्वीं मुलांस साबण लावून स्नान करावयास सांगावें. आजीचा नियम पोहल्यानंतरचा होता. तो पोहण्यापूर्वींहि पाळला, तर पुष्कळ डोळे वांचतील.