सरोवरांवरील चक्रनौका आणि महाराष्ट्रातील जलाशय

पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता भूगाव मागे टाकून भुकूमच्या शिवारात शिरतो, तेथेच जवळ खाटपेवाडीच्या परिसरात रामनदीचा उगम आहे. ही लहानशी नदी मुळेला मिळते, मुळा-मुठेचा प्रवाह भीमेला मिळतो आणि भुकूमच्या पावसाचे पाणी अखेरीस उजनीच्या जलाशयात जाऊन विसावते. याच रस्त्याने पश्चिमेकडे गेल्यास मुळशीचे धरण लागते. तेथील पाण्याची गती मात्र उलटी आहे. मुळा नदीचे ते पाणी पूर्वेकडे न येता सह्याद्री पोखरून काढलेल्या मार्गाने सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे कोसळते, तेथील पेल्टन चक्रे फिरविते आणि कुंडलिकेच्या वाटेने अरबी समुद्रास मिळते. भुकूमच्या दोहों बाजूंना असे दोन मोठे जलविस्तार असूनही त्यांपैकी एकावरही युरोप-अमेरिकेतील सरोवरांप्रमाणे चाकाची प्रवासी आगबोट कधी रूढ झाली नाही. ही अनुपस्थिती केवळ दारिद्र्याने किंवा उदासीनतेने स्पष्ट होत नाही. तिची कारणे पाहावयाची, तर चक्रनौकेचे यंत्रशास्त्र आणि सरोवराचा स्वभाव या दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो.

चक्रनौकेचे तत्त्व पेल्टन चक्राच्या नेमके उलट आहे. भिरा येथे वेगाने येणारे पाणी चक्राच्या वाट्यांवर आदळते आणि चक्र फिरते. चक्रनौकेत वाफेचे यंत्र चाक फिरविते, चाकाच्या परिघावरील फळ्या पाणी मागे लोटतात आणि त्या प्रतिक्रियेने नौका पुढे सरकते. पाणी स्थिर नसल्याने ते फळीखालून निसटते. फळीचा वेग दहा मानला आणि नौका आठच्या वेगाने चालली, तर शक्तीचा पाचवा हिस्सा या निसटण्यात गेला, असा हिशेब होतो. ही हानी अटळ आहे. परंतु साध्या चाकात आणखी एक हानी होते. चाकाला पक्क्या बसविलेल्या फळ्या पाण्यात शिरताना त्यास खाली दाबतात व बाहेर पडताना वर उचलतात. त्या श्रमाचा नौकेस काहीच उपयोग नसतो. १८२९ मध्ये इलायजा गॅलोवे याने इंग्लंडमध्ये या दोषावरील उपायाचे एकस्व घेतले. त्याच्या रचनेत चाकाच्या मध्यापासून किंचित बाजूस सरलेल्या केंद्राला दांड्यांनी जोडलेल्या फळ्या फिरता फिरता स्वतःचा कोन बदलतात, आणि पाण्यात असेपर्यंत जवळजवळ उभ्या राहतात. पुढे मॉर्गनच्या नावाने प्रसिद्ध झालेली ही रचना सरोवरांवरील उत्तम नौकांनी शेवटपर्यंत टिकविली.

चाकाची खरी परीक्षा मात्र फळ्या पाण्यात किती बुडतात यात होते. फार बुडाल्या तर यंत्र धापा टाकते. कमी बुडाल्या तर चाक फेस काढीत नुसते फिरते. याचे बोलके उदाहरण मुंबईच्याच गोदीतील आहे. नवरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची चक्रनौका १८२९ मध्ये पाण्यात उतरली व २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्या कोठारांत जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावत असे आणि एडनचा पल्ला त्याच्या दुप्पट होता. म्हणून जागा मिळेल तेथे, तक्त्यावरसुद्धा, कोळसा भरण्यात आला. परिणामी नौका प्रमाणाबाहेर खोल बसली, चाके पाण्यात रुतली आणि पहिले काही दिवस ती कशीबशी चालली. जसजसा कोळसा जळत गेला, तसतशी ती वर आली. अकराव्या दिवशी ती एडनला पोहोचली, तेव्हा कोठारात काही तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. म्हणजे एकाच सफरीत चाके कधी अति बुडालेली, तर कधी पुरेशी न बुडणारी. त्यातच समुद्राच्या हेलकाव्याने एक चाक पाण्याबाहेर उचलले जाते, दुसरे खोल बुडते आणि नौकेचे तोंड भरकटते. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'रॅटलर' ही मळसूत्री पंख्याची व 'अलेक्टो' ही चाकाची, अशा जवळजवळ समान शक्तीच्या दोन नौका पाठीस पाठ लावून बांधल्या. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'स पूर्ण वेगाने चाके फिरत असतानाही मागे ओढीत नेले. समुद्रावरील चाकाचे भवितव्य तेथे जवळजवळ ठरून गेले.

सरोवरावर मात्र हे दोष आपोआप निघून जातात, आणि चक्रनौकेच्या इतिहासातील हीच कळीची गोष्ट आहे. एका दिवसाच्या फेरीस लागणारे इंधन थोडे असते व ते धक्क्यावर पुन्हा भरता येते. प्रवाशांचे वजन नौकेच्या मानाने अल्प असते. म्हणून फळ्यांची बूड सकाळी जितकी, तितकीच सायंकाळी राहते. लाटा बहुधा मर्यादित असतात. उलटपक्षी, चाकाचे गुण येथे खुलतात. मोठे चाक उथळ पाण्यातही काम करते, हे बंगालच्या नद्यांवरील आगबोटींनीही दाखविले होते. चाक उलटे फिरविले की ते जवळजवळ तितक्याच जोराने नौकेस थांबविते. दर काही मैलांवर धक्का असलेल्या मार्गावर हा गुण अनमोल ठरतो. चाकांच्या पेट्या सामावण्यासाठी तक्ता दोहों बाजूंस रुंद करावा लागतो, आणि ती रुंदी आपसूकच प्रवाशांच्या पदरात पडते.

जिनिव्हा सरोवरावर १८२३ मध्ये 'गियोम टेल' ही पहिली आगबोट सुरू झाली. तिचा प्रवर्तक एडवर्ड चर्च हा अमेरिकेचा वकील होता. पुढील तीन वर्षांत बोडेन, माजोरे आणि कोमो या सरोवरांवरही वाफेची चाके फिरू लागली. ल्युसर्नवर ती १८३७ मध्ये आली. आरंभी डोंगराळ प्रदेशात टपाल, धान्य, गुरे व माणसे यांसाठी ही वाहतूक होती. रेल्वे आली तेव्हा आगबोटी बुडतील, अशी साहजिक अपेक्षा असावी. घडले मात्र वेगळेच. १८७१ मध्ये ल्युसर्नच्या काठावरील फित्सनाउ येथून रिगी पर्वतावर दातेरी रुळांची रेल्वे सुरू झाली आणि तिचे उतारू आगबोटच आणून देऊ लागली. रेल्वे, आगबोट आणि हॉटेल यांची अशी सांगड बसल्यावर मालवाहू नौकेची विहारनौका झाली. आज जतन केलेल्या बहुतेक स्विस चक्रनौका या नंतरच्या काळातील आहेत: ल्युसर्नवरील 'उरी' १९०१ ची, जिनिव्हावरील 'ला स्विस' १९१० ची, तर ल्युसर्नचीच 'श्टाट लुत्सर्न' १९२८ ची. समुद्रावर चाक मागे पडल्यानंतर ऐंशी वर्षांनीही सरोवरासाठी नवे चाक बांधले जात होते. नॉर्वेतील म्योसा सरोवरावरील 'शीब्लाडनर' तर १८५६ ची आहे. जिनिव्हावरील जुन्या ताफ्यास २०११ मध्ये वो परगण्याने ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

उत्तर अमेरिकेतील महासरोवरांचे प्रकरण निराळे आहे, कारण ती नावापुरतीच सरोवरे होत. ऑन्टारिओवर 'फ्राँटनॅक' १८१६ मध्ये पाण्यात उतरली. ईरीवर १८१८ मध्ये सुरू झालेली 'वॉक-इन-द-वॉटर' तीन वर्षांतच वादळात काठावर आदळून नष्ट झाली. सप्टेंबर १८६० मध्ये मिशिगन सरोवरावर 'लेडी एल्जिन' या चक्रनौकेस रात्री एका शिडाच्या जहाजाची धडक बसली व सुमारे तीनशे माणसे बुडाली. तरीही येथेच चक्रनौकेने आपला सर्वांत मोठा आकार धारण केला. १९१३ ची 'सीअँडबी' पाचशे फूट लांब होती व रात्रीच्या फेरीत दीड हजार प्रवासी नेई. मोटारी आणि पक्के रस्ते वाढले तसा हा व्यवसाय ओसरला. १९५० च्या सुमारास तो संपलाच. त्यापूर्वी दुसऱ्या महायुद्धात 'सीअँडबी' आणि 'ग्रेटर बफेलो' या दोन नौकांवरील सुशोभित दालने उतरवून त्यांवर विमानांसाठी सपाट तक्ता बसविण्यात आला आणि शिकागोजवळ नाविक वैमानिकांना उतरण्या-उडण्याचे शिक्षण दिले गेले. जगातील बहुधा हीच दोन चाकांवर चालणारी, कोळसा जाळणारी विमानवाहू जहाजे!

आता महाराष्ट्राकडे वळता, येथे मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. लोणारचे विवर वाहतुकीच्या दृष्टीने गणनेत येत नाही. येथील मोठे जलविस्तार हे धरणांनी निर्माण केलेले असून बहुतेक विसाव्या शतकातील आहेत. मुळशीची वीज १९२७ मध्ये सुरू झाली, कोयनेचा शिवसागर साठोत्तर दशकातील, उजनी १९८० ची. म्हणजे आपली सरोवरे जन्मास आली तेव्हा चाकाचे युग सरून तेलाच्या यंत्राची, मळसूत्री पंख्याची स्वस्त लाँच उपलब्ध झाली होती. परंतु केवळ कालक्रमाने हा प्रश्न सुटत नाही. 'श्टाट लुत्सर्न' मुळशीनंतरची आहे. अधिक महत्त्वाचे कारण पाण्याच्या पातळीत आहे. जिनिव्हा सरोवराची पातळी १८८४ च्या करारापासून दरवाजांनी नियंत्रित असून वर्षभरात साठ सेंटिमीटरांच्या आसपासच हलते. दगडी धक्का शंभर वर्षे एका जागी राहू शकतो. आपला जलाशय मात्र पावसाळ्यात भरतो व वीज किंवा सिंचन यांसाठी उन्हाळ्यापर्यंत अनेक मीटर उतरतो. उतरत्या काठावर याचा अर्थ असा की आश्विनात जेथे पाणी, तेथे वैशाखात चिखल. धक्काच स्थिर नसेल, तर रुंद तक्त्याची जड नौका लावावयाची कोठे?

तिसरे कारण सामाजिक आहे आणि ते सर्वांत खोल आहे. आल्प्समधील सरोवर हा काठच्या गावांना जोडणारा जुना मार्ग होता. आपल्याकडे जलाशय आला तो जुने मार्ग बुडवून. मुळशी खोऱ्यातील मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो याच बुडणाऱ्या जमिनी व गावांसाठी. धरण झाल्यावर काठावर उरलेल्या वस्त्यांना समोरचा काठ दूर झाला. पूर्वीची पायवाट पाण्याखाली गेली आणि वळसा वाढला. धरणाच्या हिशेबात पाण्याची किंमत युनिटांत व एकरांत मांडली गेली. पैलतीरावर जाण्याची सोय ही त्या हिशेबातली दुय्यम बाब राहिली. शिवसागरावर बामणोली व तापोळा यांच्या परिसरात लाँच आणि तराफे हीच कित्येक गावांची वाट बनली, परंतु तो वाहतुकीचा भरभराटीचा व्यवसाय नव्हे, तर अडचणीवरील तोड आहे. चाक येथे आढळते ते केवळ सहलीच्या ठिकाणी पायांनी चालविण्याच्या करमणुकीच्या होड्यांत. गॅलोवेच्या दांड्यांचा त्यांत अर्थातच मागमूस नसतो.

उजनीच्या काठी ही तोड किती नाजूक आहे, ते २१ मे २०२४ रोजी दिसून आले. करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली व सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. ज्या जलाशयात भुकूमचे पाणी जाते, त्याच जलाशयावरील ही घटना आहे. रस्त्याने जावे तर जलाशयास मोठा वळसा पडतो. होडीने तोच प्रवास थोडक्यात होतो. म्हणून माणसे होडीतच बसतात. अशा मार्गावर चक्रनौका आणणे हा आज विचारार्ह पर्याय नाही. तिची बांधणी खर्चिक आहे आणि तिला स्थिर धक्का लागतो. परंतु स्विस सरोवरांवर दीड शतकात जे रूढ झाले, त्यात चाकाचा भाग अल्प आहे. पुरेशी रुंद व स्थिर नौका, ठरलेले वेळापत्रक, तपासलेली प्रवासीसंख्या आणि वाऱ्याचा आगाऊ इशारा, हे सर्व साध्या लाँचलाही लागू पडते. कुगाव-कळाशीसारख्या मार्गासाठी पाण्याबरोबर सरकणारा तरंगता धक्का आखावयाचा झाल्यास उजनीच्या पातळीच्या गेल्या चार दशकांच्या मासिक नोंदी हाच त्याचा पहिला आधार ठरेल. कारण त्या वर्षीच्या मे महिन्यात जलाशय मृतसाठ्याच्याही पुष्कळ खाली उतरला होता आणि पाण्याची कड नेहमीच्या जागेपासून दूर गेली होती.